अर्धा पेला, आख्खे तळे

श्री. विठ्ठलराव जगदाळे, म्हणजे आपणा सर्वांचे आप्पा, यांच्या अमृतमहोत्सवी गौरवग्रंथासाठी लेख लिहिण्याची आज्ञा संपादक मंडळाने मला केली, तेव्हा माझी अपात्रता जाणून नम्रपणे नकार देण्याचा विचार माझ्या मनात आला. तो विचार अल्पायुषी ठरला. संपादक मंडळात मी एकटाच आहे.

आप्पांचा आणि माझा प्रथम परिचय एका पेल्याच्या निमित्ताने झाला. पालघरच्या महाविद्यालयात संस्कृतचा अध्यापक म्हणून मी नुकताच रुजू झालो होतो आणि भाड्याची खोली मिळावी म्हणून बोईसरच्या आपल्या कुमुद वसाहतीच्या अध्यक्षांच्या दारी उभा होतो. वैशाखातील मध्यान्ह होती. आप्पांनी बसावयास खुर्ची दिली, पंखा लावला आणि पाण्याचा पेला पुढे केला. पेला अर्धा होता. गीर्वाणवाणीच्या उपासकाचा असा अर्धवट सत्कार यापूर्वी कोणी केला नव्हता. माझ्या मुद्रेवरील भाव वाचून आप्पा म्हणाले, "लागलं तर पुन्हा मागा. लाजू नका."

मी तीन वेळा मागितले. तिन्ही वेळा त्यांनी उठून अर्धा पेला आणून दिला आणि खोलीही दिली.

या अर्ध्या पेल्याचे मूळ आप्पांच्या जन्मगावी आहे. ते माणदेशातले. तेथे पाहुणा आला की घरची बाई आधी रांजणात डोकावते आणि मग हसते. पेला भरून द्यावा आणि पाहुण्याने दोन घोट घेऊन उरलेले अंगणात फेकावे, हे त्या घरांना परवडणारे नव्हते. म्हणून अर्धे द्यायचे आणि हवे तितक्या वेळा द्यायचे. तारुण्यात आप्पा बोईसरला एका कापड गिरणीत फिटर म्हणून आले, कालांतराने मुकादम झाले, निवृत्तही झाले. पेला मात्र अर्धाच राहिला. त्यांच्या घरी मंत्री आले असते तरी त्यांना अर्धाच पेला मिळाला असता. ते आले नाहीत, हा आप्पांचा दोष नव्हे.

त्यांच्या सदऱ्याच्या खिशात नळाचे वायसर असतात, हे आपणा सर्वांना ज्ञात आहेच. कोणाच्याही घरी नळ ठिबकताना ऐकू आला की आप्पांचे संभाषणातील लक्ष उडते. माझ्या विवाहाच्या बोलणीसाठी चिंचणीला जाताना वडीलधारे म्हणून मी त्यांना सोबत नेले होते. माझ्या विद्वत्तेचे वर्णन ऐन रंगात आलेले असताना (ते मीच करीत होतो) आप्पा उठले आणि आतल्या मोरीकडे चालू लागले. वधूपित्यांनी मला हळूच विचारले, "हे तुमचे कोण लागतात?" मी उत्तराची जुळवाजुळव करीत होतो तोवर आतून ठिबकण्याचा आवाज थांबला. माझ्या विद्वत्तेवर त्या घरात पुढे कोणी चर्चा केली नाही. नळाचा विषय आजही निघतो. सौभाग्यवतींच्या मते त्या दिवशीचा एकमेव उपयुक्त मनुष्य पाहूनच त्यांनी होकार दिला.

असा थेंबाथेंबाचा हिशेब ठेवणाऱ्या या पुरुषाने आपल्या तारुण्यात एक संपूर्ण तळे बुजवले.

वसाहतीतील जुन्यांना हे ठाऊक आहे, नव्यांना गेल्या वर्षीच कळले. आज जेथे आपल्या इमारती उभ्या आहेत, तेथे पांढऱ्या कुमुदांनी भरलेले तळे होते. गिरणीतल्या घाटावरच्या तरुण कामगारांनी आप्पांच्या नेतृत्वाखाली ती सखल जागा मिळवली, रविवारी रविवारी मुरूम आणून भरली, सत्यनारायण घातला आणि वसाहतीला नाव दिले 'कुमुद'. ज्यांच्यावर माती लोटली त्यांचेच नाव कमानीवर कोरण्याइतकी कृतज्ञता त्या पिढीजवळ होती. पाण्यासाठी मैलोगणती चाललेल्या आयांच्या या मुलांना साठलेले पाणी बुजवताना काहीच कसे वाटले नाही, हा प्रश्न तेव्हा कोणी विचारला नाही. विचारणाऱ्यांचा जन्म व्हायचा होता.

गेल्या श्रावणात तळमजल्यावरच्या घरांत गुडघाभर पाणी शिरले. त्यातले एक घर आप्पांचे. पाणी ओसरले तेव्हा गणेशोत्सव तोंडावर आला होता आणि वादसभेचा विषय ठरवण्याचे दुर्भाग्य माझ्याकडे होते. मी फलकावर स्वहस्ते लिहिले: 'राष्ट्राच्या वर्तमान दुरवस्थेस पूर्वपिढी उत्तरदायी आहे काय?' विषय असा भव्य असावा की कोणाचेही नाव त्यात येऊ नये, असे माझे धोरण होते.

आप्पांची नात मानसी स्थापत्य अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. ती विषयाच्या बाजूने बोलण्यास उभी राहिली. आरंभी राष्ट्र होते, मग राज्य आले, मग जिल्हा. नंतर ती थांबली आणि पहिल्या रांगेकडे पाहून म्हणाली, "लांब कशाला जायचं? आप्पा, तुम्ही आम्हाला जन्मभर अर्धा पेला दिलात आणि आख्खं तळं बुजवलंत."

टाळ्या झाल्या. टाळ्या वाजवणाऱ्यांचे हात अर्ध्यावर थांबले, कारण आप्पा उठले होते. प्रसाद न घेता ते घरी गेले. परीक्षक या नात्याने मी मानसीला प्रथम पारितोषिक दिले. आजवर दिलेल्या पारितोषिकांपैकी एवढे जड कोणतेच नव्हते.

त्यानंतर आप्पा कट्ट्यावर येईनासे झाले. घरातही बोलणे जेवणापुरते उरले. आप्पांच्या पत्नी, म्हणजे आपल्या काकू, सांगत, "आजोबा-नात ताटाला ताट लावून बसतात आणि भिंतीशी बोलतात." आप्पांच्या दुखावलेपणाचा सर्वांत स्पष्ट पुरावा मात्र ध्वनिरूप होता. वसाहतीतले नळ ठिबकू लागले. प्रथम दुसऱ्या मजल्यावरचा, मग जिन्याखालचा, मग माझा. वायसर बाजारात मिळतो, हे आम्हाला ठाऊक होते. तो आणण्याचे धैर्य कोणाला झाले नाही. आणला असता तर आप्पा आता येणार नाहीत, हे मान्य केल्यासारखे झाले असते.

येथे माझ्या पिढीविषयी दोन शब्द लिहिणे क्रमप्राप्त आहे. आम्ही पन्नाशीतले. आमच्यावर कोणी आरोप करीत नाही. तळे आम्ही बुजवले नाही आणि ते बुजले म्हणून आम्ही कधी ओरडलोही नाही. ज्येष्ठांनी कृती केली, कनिष्ठ प्रश्न विचारतात, आम्ही दोहोंचे इतिवृत्त लिहून खाली स्वाक्षरी करतो. आमचे निर्दोषत्व इतके परिपूर्ण आहे की त्याची मला कधी कधी लाज वाटते.

कोंडी फोडली ती जयवंतीबाईंनी. चिंचणीहून सुकी मासळी घेऊन त्या सासूच्या काळापासून वसाहतीत येतात आणि आप्पांच्या ओट्यावर टोपली उतरवतात. नवरात्र संपल्यावर त्या आल्या तेव्हा मी काकूंकडे बोंबलांच्या अभ्यासार्थ उपस्थित होतो. आप्पा आत पाठमोरे बसले होते, मानसी दारात उभी होती.

"काय गो, घरात कोन मेलाय काय?" जयवंतीबाईंनी विचारले. "सगली तोंडं सुकटीसारकी."

काकूंनी थोडक्यात वृत्तांत कथन केला. जयवंतीबाई मानसीकडे वळल्या.

"तलं व्हतं गो. मी नवी नवरी, सासूसंगं यायची. तितं टोपल्या धुवायची, पाय बुडवून बसायची. गाडला तवा सासू लय रडली. आप्पाला शिव्या दिल्यान. मी पन दिल्या."

"तेच तर मी म्हणाले, मावशी," मानसी म्हणाली.

"आयक ना. तुजा बाप तवा पालन्यात व्हता. तल्यातल्या मच्छरांचा ताप आलेला, अंग नुसतं चुलीवरचा तवा. गिरनीच्या चालीतली दोन पोरं गेली त्या तापानं. हा तुजा आप्पा रातभर त्याला खांद्यावर घेऊन फिरं. मंग रविवारी मुरूम टाकी." त्यांनी एक बोंबील निवडून बाजूला ठेवला. "गाडला ते वायटच. पोराला ताप व्हता ते पन खरंच हाय. आता काय करशील, बोल."

मानसीने आतल्या पाठीला विचारले, "आप्पा, हे तुम्ही सभेत का नाही सांगितलंत?"

आप्पांनी वळून न पाहता उत्तर दिले, "सांगून तळं बुजलं नव्हतं असं होणार होतं का?"

या वाक्याचे मी पुष्कळ दिवस मनन केले आहे. आरोपीजवळ निर्दोष सुटण्याचा भक्कम पुरावा असावा आणि त्याने तो न्यायालयासमोर आणूच नये, कारण तो पुरावा देऊनही नुकसान भरून निघत नाही. पूर्वपिढी दोषी आहे काय, या माझ्या भव्य प्रश्नाला मला त्या ओट्यावर मिळालेले उत्तर असे: आहे, आणि ज्या मुलांना वाचवण्यासाठी तिने दोष पत्करला, त्यांचीच मुले आज आरोपपत्र वाचण्याइतकी सशक्त आहेत. माझ्या मते यात आप्पांचा पराभव नाही. स्वतः आप्पांचे मत वेगळे होते, आणि ते पुढच्या सर्वसाधारण सभेत प्रकट झाले.

त्या सभेपुढे एकच ठराव होता. आपल्या वसाहतीत कमानीजवळचा एक सखल कोपरा तेवढा मोकळा उरला होता. तळे बुजवताना मुरूम कमी पडल्यामुळे तो पुरता भरला गेला नव्हता. आप्पांच्या पंचाहत्तरीनिमित्त तेथे 'विठ्ठलराव जगदाळे सभागृह' उभारावे, असा प्रस्ताव कार्यकारिणीने मांडला. मसुदा माझा होता. त्यात 'वास्तुरूप कृतज्ञता' असा शब्दप्रयोग होता. मानसी विरोध करण्यास सज्ज होऊन मागच्या रांगेत बसली होती. आपल्याच आजोबांच्या नावाला भरसभेत विरोध करावा लागणार, म्हणून तिचा चेहरा उतरला होता. ती उभी राहणार तोच पुढून आप्पा उठले. वादसभेनंतर ते प्रथमच चारचौघांत आले होते.

"माझ्या नावानं काही करायचंच असेल," ते म्हणाले, "तर बांधू नका. खोदा."

आमचे खजिनदार व्यवहारी गृहस्थ आहेत. ते म्हणाले, "आप्पा, पण पंचाहत्तरीला खड्डा? पाहुण्यांना काय दाखवायचं? फीत कुठं बांधायची?"

"पावसाचं पाणी घरात येतं, कारण त्याला जायला जागा नाही. जागा मी घेतली. सगळी परत देता येत नाही, माणसं राहतात त्यावर. कोपरा तेवढा देता येतो." मग मागे वळून, कित्येक आठवड्यांनी प्रथमच थेट नातीकडे पाहून त्यांनी विचारले, "किती खोल लागेल गं? तू शिकलीस ना ते?"

मानसीने उत्तर देण्यासाठी तोंड उघडले आणि तिला रडू कोसळले. खोलीचा आकडा त्या दिवशी इतिवृत्तात येऊ शकला नाही. ठराव एकमताने संमत झाला.

खोदाई थंडीत सुरू झाली. प्रत्येक रविवारी आपण सर्वांनी श्रमदान केले; मी स्वतः दोन घमेली वाहिली आणि श्रमप्रतिष्ठेवर एक भाषण दिले. वरचा मुरूम निघू लागला तेव्हा आप्पा पंचाहत्तरीच्या उंबरठ्यावर फावडे घेऊन उभे राहिले.

"आप्पा, तुम्ही बसा बघू सावलीत," मानसी म्हणाली.

"मी भरलंय. मीच काढणार."

"सगळं काय तुम्ही एकट्यानं भरलं होतंत?"

"वादसभेत तर तसंच म्हणाली होतीस."

"तिथं बक्षीस होतं," मानसी म्हणाली आणि तिने त्यांच्या हातातले फावडे काढून घेतले. आप्पा हसले. त्या रविवारी सायंकाळी ते आमच्या घरी आले, खिशातून वायसर काढला आणि थेट मोरीकडे गेले. सौभाग्यवतींनी डोळे पुसले. मी ठिबकणे थांबल्याची वेळ मनात नोंदवली. संस्कृतात अशा क्षणाला मुहूर्त म्हणतात.

मुरुमाखाली काळा गाळ लागला, आणि एके सकाळी त्या गाळातून पाणी पाझरू लागले. फार नव्हते; तळहातावर मावेल एवढे, गढूळ. आप्पा कडेला बसून त्याकडे पाहत राहिले. तेवढ्यात जयवंतीबाई टोपली घेऊन आल्या आणि घोटभर पाणी मागू लागल्या. मानसीने घरातून पेला आणला. संस्कारानुसार तो अर्धा होता.

आप्पा म्हणाले, "आज भरून आण."

मानसीने काठोकाठ भरून आणला. जयवंतीबाईंनी पेल्याकडे आणि मग आप्पांकडे पाहिले. "आज काय सन हाय काय, आप्पा?" निम्मे पाणी त्या प्यायल्या. उरलेले त्यांनी खड्ड्यातल्या त्या मूठभर पाण्यात सावकाश ओतले. "ह्याला पन लागल," त्या म्हणाल्या. पाणी सांडलेले आप्पांनी आजवर कधी खपवून घेतले नव्हते. त्या दिवशी घेतले.

ग्रंथप्रकाशन त्याच खड्ड्याच्या काठी होणार आहे. फीत कोठे बांधायची, याचा निर्णय खजिनदारांकडे प्रलंबित आहे. मानसीच्या म्हणण्यानुसार हा कोपरा पुरता भरण्यास आणि त्यात कुमुदे रुजण्यास काही पावसाळे जावे लागतील. तेवढे पावसाळे आप्पांनी येथे काठावर बसून, निरोगी शरीराने आणि नातीची बोलणी खात घालवावेत, ही आपणा सर्वांची इच्छा आहे. आयुष्यानेही त्यांना पेला अर्धाच भरून दिला असावा. ज्यांनी आम्हाला मागायला शिकवले, त्यांना आम्ही त्यांच्याच शब्दांत विनवतो: आप्पा, लागलं तर पुन्हा मागा. लाजू नका.