रंगूबाईच्या काठीला कॉफीचं पुडकं

रंगूबाई गोठ्यात शेण भरत होती, तेव्हा कुडापलीकडचं लेकाचं आणि सुनेचं भांडण तिच्या कानी पडलं.

"आवं, टाका की ते भांडं. आत्याबाईंस्नी मळमळतंय," हरणाबाई म्हणत होती.

"भांडं गेलं तर मी बी गेलो समज," आकाराम म्हणाला. "पलटणीत परत घेत्यात मला."

सहा वर्षं लढाईत काढून शेहेचाळीस साली लेक तासगावला परतला, तो काचेचं एक भांडं घेऊन. झाकणातून दांडी, दांडीच्या टोकाला जाळीचा दट्ट्या. इटलीत तो जखमी पडला असताना कुणा म्हातारीनं त्यातनं कॉफी पाजून त्याला जगवलं म्हणे. आता चहा त्याच्या पोटात ठरत नव्हता. रंगूबाईला त्या म्हातारीचा राग यायचा, पण कॉफीची किळस त्या रागाहून मोठी. वास जळक्या घोंगडीचा, रंग कातडं भिजवलेल्या पाण्याचा.

पण पोर पुन्हा जायला नको. दुसऱ्या दिवशी ती स्वतःच कॉफी करायला बसली. आकारामनं आणलेल्या कच्च्या बिया तिनं भाकरीच्या तव्यावर भाजल्या आणि जात्यावर पिठासारख्या दळल्या. भांड्यात पूड घालून वर उकळतं पाणी ओतलं, पण दट्ट्या काही खाली जाईना. मग सोऱ्यातनं शेव पाडावी तसा तिनं अंगाचा भार दिला. काळा रेंदा फस्सकन उडाला तो तोंडावर, लुगड्यावर, आढ्यापर्यंत. काच तेवढी वाचली. पुढं आठवडाभर घरच्या भाकरीला तोच वास. दारचं कुत्रंसुद्धा तुकडा हुंगून मागं सरलं.

मग तिनं अंगणात वेगळी चूल मांडली, भाजायला खापर घेतलं, बिया कण्यांसारख्या जाड भरडल्या. रोज सकाळी पदर नाकाला, तोंड दुसरीकडं आणि हात दट्ट्यावर. तळाचा चोथा उकिरड्यावर काडीनं खरवडताना तिला उमासे यायचे.

"आये, त्या म्हातारीपरास बेस झालीया," आकाराम एकदा म्हणाला. ती पचकन थुंकली. दुसऱ्या दिवशी मात्र पाणी जरा लवकर चुलीवर चढलं.

बियाही मग तीच आणू लागली, सांगलीच्या एका कानडी दुकानदाराकडनं. येताना पुडकं काठीच्या टोकाला बांधून ते अंगापासून लांब धरायची. बैलगाडीतल्या बाया हसायच्या, साप धरलाय जणू.

एकोणपन्नासच्या चैत्रातली खेप शेवटची ठरली. खोकल्यानं ती पार वाळली होती. आकारामनं जाऊ नको म्हणून सांगून पाहिलं, तरी गेलीच. दिवस मावळायच्या आत परत आली आणि दारातनंच काठी त्याच्यापुढं केली.

"घे तुझी घाण," म्हणाली, आणि राखेनं हात घासायला परसात गेली.