काळूला औषध कुणी लावलं

प्रभाकर गेल्याचं मला सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर कळलं. मी तेव्हा देवगडला होतो, गावच्या घराची कौलं परतून घेत होतो. शिडीवरून उतरून फोन बघितला तर मेसेज... ‘आपल्या इमारतीतील रहिवासी श्री. प्रभाकर जाधव यांचे दुःखद निधन. एक सच्चा प्राणिमित्र हरपला.’ खाली जोडलेले हात आणि दोन फुलं. पाठवणारा कोण, तर आमचा सेक्रेटरी! ज्याने जिवंतपणी प्रभाकरचं नाव मातीत घातलं, तोच त्याला श्रद्धांजली वाहत होता. माझ्या तोंडून अशी शिवी गेली की खाली उभा असलेला गवंडी दचकला. त्याला आता सव्वा महिना झाला. घरातले म्हणतात, झालं गेलं सोडा. मी सोडणार नाही. सेक्रेटरीचं नाव इथे छापता येत नाही, पण मरोळच्या आमच्या गल्लीत हा लेख वाचणाऱ्याला ते सांगायची गरज नाही.

प्रभाकर मूळचा लातूरकडचा. जनावरांच्या एका खासगी दवाखान्यात तो ड्रेसर होता, म्हणजे जखमा धुणं, पट्ट्या बांधणं, डॉक्टरांच्या हाताखाली जनावर धरणं. तळमजल्यावर राहायचा, मी तिसऱ्या मजल्यावर. वीस वर्षांपूर्वी माझ्या मुलीच्या कुत्रीच्या कानात गोचिडी झाल्या होत्या. मी इंडस्ट्रियल इस्टेटमधला टर्नर माणूस, मला वाटलं यात काय एवढं. जिन्यात बसून उदबत्तीने एकेक गोचीड चटके देऊन काढत होतो. प्रभाकर कामावरून येत होता, त्याने उदबत्ती हिसकावून विझवली. “येडा झालास काय रे? उगाच डिवचतोस गोचिडीला, उलट जास्त विष सोडते आत!” ओळख ना पाळख, सरळ अरेतुरे. मग त्याने चिमटा आणला, कातडीला टेकवून गोचीड धरली आणि न पिळता सरळ वर ओढली. स्पिरिटच्या बाटलीत टाकली. कुत्रीचा ओठ उचलून हिरड्या बघितल्या, पांढऱ्याफटक. “ताप भिनलाय. चल, आत्ताच्या आत्ता.” स्वतः रिक्षा थांबवून तो आम्हाला दवाखान्यात घेऊन गेला. ती कुत्री पुढे नऊ वर्षं जगली, आणि मी, राणे, त्याचा ‘राण्या’ झालो.

गोचिडीवर त्याचा राग होता. नुसता धंद्यापुरता नाही, खरा राग, माणसाचा माणसावर असतो तसा. लहानपणी त्यांच्या घरी एकच गाय होती. आई रोज संध्याकाळी तिच्या कासेवरच्या गोचिडी काढून गोवऱ्यांच्या विस्तवात टाकायची, त्या फटफट फुटायच्या. एक दिवस गायीला लाल लघवी झाली आणि चौथ्या दिवशी ती गेली. आई दावं हातात घेऊन बसली होती. हे सांगताना प्रभाकर बाटली हलवून आतल्या गोचिडींकडे बघायचा आणि म्हणायचा, “घाई करणाऱ्याला या कधी सापडत नाहीत, राण्या. अंगावरच्या काढल्यास, त्या चार दिसल्या म्हणून. भिंतीच्या भेगेत अंडी आहेत, त्याचं काय?” म्हणून तो आधी जनावर बघायचा आणि मग जनावर झोपतं ती जागा. भेगा बुजवायचा, चुना मारायचा, ठरल्या दिवशी परत येऊन परत बघायचा. सूड कसा घ्यावा हे मी त्याच्याकडून शिकलो, ते आज कामाला येतंय.

आमच्या इमारतीत काळू नावाचा कुत्रा होता. कुणाचाच नाही, म्हणजे सगळ्यांचा. मीटरच्या खोलीत झोपायचा. गेल्या वर्षी उन्हाळ्यात त्याच्या अंगावर गोचिडी झाल्या, त्या भिंतीवरून चढत पहिल्या मजल्यावर पोचल्या आणि बोंबाबोंब सुरू झाली. कुत्रा हाकला, महापालिकेची गाडी बोलवा. प्रभाकर कमिटीपुढे हात जोडून उभा राहिला. “तीन आठवडे द्या मला. काळूला डॉक्टरांकडून औषध देतो, खोली मी साफ करतो. नाही झालं तर तुम्ही म्हणाल ते.” तोंडदेखलं हो झालं. दुसऱ्या आठवड्यात, एका सकाळी मी कामाला निघालो तेव्हा गेटवर सेक्रेटरी आमच्या दूधवाल्याशी बोलत होता. दूधवाल्याने जोगेश्वरीच्या तबेल्यातून म्हशींच्या गोचिडीचं औषध आणलं होतं. तो सांगत होता, “बाल्टीभर पानी में एक ढक्कन, साब.” तबेल्यात माप झाकणाचंच. सेक्रेटरी म्हणाला, “पाणी कशाला? जोर जातो त्याचा. एकदाच काय ते होऊन जाऊ दे.” मी ऐकलं. मला बसची घाई होती, मी निघून गेलो.

आख्खी बाटली काळूच्या कोरड्या अंगावर ओतून घेतली सेक्रेटरीने. त्याने अंग चाटलं. थरथरला, तोंडाला फेस आला, दुपारी जिन्याखाली संपला. प्रभाकर संध्याकाळी आला, गुडघे टेकून त्याने काळूच्या मानेचा वास घेतला आणि एवढंच बोलला, “हे तबेल्याचं आहे. बिनपाण्याचं.” रविवारी मीटिंग झाली. सेक्रेटरीने शांतपणे सांगितलं की औषध जाधवांनीच लावलं. वर म्हणतो, “ही माणसं औषधातलं शिकलेली थोडीच असतात.” ‘ही माणसं’ म्हणजे कोण, ते सगळ्यांना कळलं. प्रभाकरने माझ्याकडे बघितलं. “राण्या, तू त्या सकाळी गेटवर होतास ना? तुझ्यासमोरच बोलणं झालं ना?”

माझ्या बाथरूमच्या गळतीचं काम तेव्हा सेक्रेटरीच्या परवानगीवर अडकलं होतं. मी म्हणालो, “मला नीट आठवत नाही.”

इतिवृत्तात लिहिलं गेलं, ‘श्री. जाधव यांनी चुकीचे औषध वापरल्याने कुत्रा दगावला.’ खाली कमिटीच्या सह्या झाल्या. मी कमिटीत होतो. माझीही सही आहे, निळ्या शाईत, चांगली लफ्फेदार. गळती आठ दिवसांत बंद झाली. मेली ती गळती आणि मेलं ते बाथरूम!

त्यानंतर प्रभाकर माझ्याशी भांडला असता तर बरं झालं असतं. भांडला नाही. जिन्यात भेटला की बाजूला सरकून म्हणायचा, “या, राणेसाहेब.” वीस वर्षांचा राण्या एका रविवारात साहेब झाला. गोष्ट दवाखान्यापर्यंत पोचली. डॉक्टरांनी काढलं नाही त्याला, पण लोक म्हणायला लागले, याला आमच्या कुत्र्याला हात लावू देऊ नका. मग तो फरशी पुसायचा, पिंजरे धुवायचा. तिथेच एका दुपारी छातीत कळ आली आणि तो पिंजऱ्याला टेकून बसला, तो उठलाच नाही.

मी देवगडहून परतलो, बुद्धविहारात त्याच्या पुण्यानुमोदनाचा, म्हणजे श्रद्धांजलीचा कार्यक्रम झाला. सेक्रेटरी पांढरे कपडे घालून आला, बाबासाहेबांच्या फोटोला हार घातला, माईक घेऊन ‘मुक्या जनावरांचा कैवारी’ वगैरे बोलला. मी पहिल्या रांगेत बसून दात खात होतो. तिथे तमाशा नको म्हणून गप्प बसलो... की पुन्हा एकदा घाबरलो, देव जाणे. पण घरी येऊन कागद काढला. ‘काळूला औषध प्रभाकर जाधव यांनी लावले नाही. सेक्रेटरींनी लावून घेतले, पाण्याशिवाय. मी स्वतः ऐकले आणि मीटिंगमध्ये खोटे बोललो. खाली सही, सु. ग. राणे.’ सकाळी सात वाजता नोटीस बोर्डवर चिकटवला. साडेसातला सेक्रेटरीने फाडला. मी दुसऱ्या दिवशी परत लावला. त्याने फाडला, वकिलाची धमकी दिली. मी म्हटलं, आण तुझा वकील, त्याला पण एक कॉपी देतो. शंभर झेरॉक्स काढल्यात, संपल्या की आणखी काढीन. आता लोक दूध घ्यायला उतरले की बोर्डापाशी थांबतात. सेक्रेटरी मागच्या गेटने जायला लागलाय. मला त्याचा आनंद होतो, अगदी मनापासून होतो, लपवत नाही.

परवा कागद लावत होतो, तर मागे प्रभाकरची बायको उभी. कमलवहिनी. हातात पिशवी, भाजीला निघाल्या होत्या. त्यांनी सगळा कागद वाचला, अगदी खालच्या सहीपर्यंत. मला वाटलं रडतील, किंवा बरं केलंत म्हणतील. खरं सांगतो, तेच ऐकायला मी थांबलो होतो.

“भाऊजी,” त्या म्हणाल्या, “त्या मीटिंगनंतर रोज संध्याकाळी कामावरून आले की ते आधी या बोर्डाकडे बघायचे. म्हणायचे, राण्या लावेल काहीतरी.”

आणि त्या भाजीला गेल्या.