लुगड्यांवर घातलेला दोष

हे मी बायकोलाही कधी सांगितलं नाही. आता ऐकून कोण काय म्हणेल याची पर्वा नाही. मी घरोघरी इंटरनेटच्या जोडण्या करतो. लिंबायत वस्तीतल्या एका गल्लीत इंटरनेट सारखं बंद पडायचं, ते माझ्यामुळे. जोडणीच्या डबीत फायबरची तार मी घाईत फार घट्ट गुंडाळली होती. काचेची ती तार जास्त वाकली की नेट वाहून नेणारा उजेड पुढे जात नाही. पण गल्ली जमली तेव्हा मी केबलजवळ वाळणाऱ्या लुगड्यांकडे बोट दाखवलं.

"त्या वायरले मी हात बी लावा नही, भाऊ!" लुगडी वाळत घालणारी मावशी ओरडली.

"मग लुगडी काय कावळ्यांनी वाळत घातली?" कुणीतरी म्हणालं. सगळे हसले. मीही हसलो.

लोकांनी तिची लुगड्यांची दोरी तोडली. मी डबी उघडून तार गुपचूप सैल केली. नेट चालू झालं आणि दोष तिच्यावरच पक्का बसला.

आता कुठेही बिघाड झाला की साहेब म्हणतात, "ग्राहकाची चूक लिही, मोकळा हो." मी लिहीत नाही. "कामावरून काढा, पण माझी चूक असेल तर माझीच लिहीन," असं तोंडावर सांगितलंय.

मात्र त्याच गल्लीत, सगळ्यांसमोर मावशीची माफी मागणं अजून बाकी आहे.