दांड्याची पिन

कडबाकुट्टीचं मशीन घरी आलं तेव्हा त्याच्यासोबतचं छोटं पुस्तक मी दोनदा वाचलं. बारावीनंतर शाळा सुटली, पण छापील कागद हाती आला की वाचल्याशिवाय सोडायचा नाही ही खोड काही सुटली नाही. पुस्तकात लिहिलं होतं, बांगड्या काढून ठेवा, पदर खोचून घ्या, आणि हात ओढला गेलाच तर वरचा दांडा ओढा, रोलर उलटे फिरतील. मी बांगड्या काढल्या तर मोठ्या जाऊबाई तडकल्या, "भुंड्या हातानं कुणी काम करतंय व्हय?" तरी मी त्या काढूनच मशीनवर बसायचे.

तलवाड्यात आमच्या चार म्हशी. कडबा कुऱ्हाडीनं तोडून दोघींचेही खांदे भरून येत, म्हणून गेवराईच्या दुकानातून हे मशीन आणलेलं. दुसऱ्याच आठवड्यात मी पेंढी लावत होते. कडब्याच्या एका ताटात हात अडकला आणि डावा पंजा रोलरकडं ओढला जायला लागला. मी उजव्या हातानं दांडा ओढला. दांडा सैल होऊन नुसताच खाली लोंबला. रोलर आपले फिरतच राहिले. जाऊबाई शेण भरत होत्या. त्यांनी पाटी टाकली, धावत जाऊन बटण दाबलं. त्यांच्यामुळं हात राहिला. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट मात्र गेलं.

बीडच्या दवाखान्यातून घरी आल्यावर आमचे हे दुकानदाराकडं गेले. तो म्हणाला, "वहिनींच्या बांगड्या अडकल्या असतील. बाया ऐकत न्हाईत."

ह्यांनी घरी येऊन ते सांगितलं, आणि बोटांपेक्षा तेच मला जास्त लागलं. मी म्हणाले, "मी केस करणार."

"कंपनीसंगं? कावून डोक्याला ताप करून घेती?"

"पुस्तक वाचून चालवलंय मी. चूक माझी न्हाई."

ह्यांनी माझ्या हाताच्या पट्टीकडं बघितलं आणि म्हणाले, "बरं. उद्याच जाऊ बीडला."

बीडमध्ये एक तरुण वकीलताई भेटल्या. त्यांनी सगळं लिहून घेतलं, पुस्तक जपून ठेवायला सांगितलं आणि बजावलं, "मशीन दुरुस्त करायचं नाही, विकायचं नाही. आहे तसंच राहू द्या." मग ते गोठ्यात ताडपत्रीखाली बसलं आणि आम्ही पुन्हा कुऱ्हाडीवर आलो. खंडेनवमीला घरातल्या विळ्या-कुदळीपासून मोटरीपर्यंत सगळ्यांना हळदकुंकू लागलं. मी मशीनकडं निघाले तशा जाऊबाई आडव्या आल्या. "त्याला न्हाई. त्याची केस चालू हाय."

ग्राहक न्यायालयात जाऊबाईंची साक्ष झाली. जन्मात पहिल्यांदा कोर्ट, पण नवी इरकल नेसून अशा उभ्या राहिल्या जणू लग्नात वरमाय. कंपनीच्या वकिलांनी विचारलं, "अपघात झाला तेव्हा तुम्ही किती फुटांवर होतात?"

"शेणाची पाटी घेऊन चालले व्हते. टेप न्हवता हातात."

"म्हणजे तुम्ही नीट पाहिलेलं नाही."

"साहेब, तुमच्या घरच्या माणसाचा हात मशीनीत गेला, तर तुमी आधी अंतर मोजताल का बटण दाबताल?"

वरच्या खुर्चीतल्या मॅडमनी कागदात तोंड घातलं. त्या हसत होत्या हे सगळ्यांना दिसलं.

कंपनीचं म्हणणं एकच होतं, मशीन निर्दोष आहे. म्हणून कोर्टानं आयटीआयच्या एका सरांना तपासणीसाठी आमच्या गोठ्यात पाठवलं. कंपनीचा इंजिनिअरही आला. दांड्याची तुटलेली पिन काढून त्यानं स्वतःच्या पिशवीतली कंपनीचीच नवी कोरी पिन बसवली. मग काठीला गोणपाट गुंडाळलं आणि म्हणाला, "हा हात समजा. आत जाऊ लागला की मी दांडा ओढणार, आणि रोलर त्याला बाहेर सोडणार."

मशीन सुरू झालं. गोणपाट आत जाऊ लागलं. त्यानं झोकात दांडा ओढला. खट् असा आवाज झाला आणि दांडा लोंबला. गोणपाट, काठी, सगळं आत गेलं आणि दुसऱ्या बाजूनं तुकडे होऊन पडलं. म्हशीसुद्धा मान वळवून बघायला लागल्या.

जाऊबाई हळूच म्हणाल्या, "साहेबांच्या हातात बांगड्या हायेत का बघा जरा."

सरांनी पिनीचे तुकडे उचलून उन्हात धरले. "ठिसूळ लोखंड, बिडाची आहे ही. इथं पोलादाची पाहिजे."

"बीडची?" जाऊबाईंनी मला कोपर मारलं. "कंपनी तर लई लांबची हाय म्हनं."

मी हसले, आणि हसता हसता नजर गोणपाटाच्या तुकड्यांवर गेली. ते बघवेनात. मी गव्हाणीच्या कडेला टेकले. सगळ्यात आधी पाण्याचा तांब्या घेऊन आला तो इंजिनिअरच. त्याचा चेहरा उतरला होता. "ताई, माफ करा. मला खरंच वाटलं होतं, रोलर उलटे फिरतील." त्याच्यावर रागवावं असं मला वाटलं नाही. त्यानंही पुस्तकावरच विश्वास ठेवला होता.

निकाल आमच्या बाजूनं लागला. भरपाई मिळाली, पण मला जास्त आनंद झाला तो वेगळ्या गोष्टीचा. वकीलताईंनी आवर्जून मागितलं होतं, तसं कोर्टानं सांगितलं की विकलेल्या सगळ्या मशीनांच्या पिना कंपनीनं फुकट बदलून द्यायच्या. आमच्या गावात अशी आणखी मशीनं होती, आणि ती चालवणाऱ्या बहुतेक बायाच.

त्या दिवशी कोर्टातून बाहेर आल्यावर जाऊबाईंनी जाहीर केलं की आता मांजरसुंब्याला ढाब्यावर जेवायचं. हे म्हणाले, "अगं वहिनी, गाव तिकडं, मांजरसुंबा इकडं. उलट्या दिशेला हाय."

"म्हंजे काय झालं? रोज सरळच जातो की."

आम्ही गेलो. शेवभाजी इतकी तिखट होती की तिघांच्याही डोळ्यांतून पाणी वाहत होतं. वेटरनं काळजीनं विचारलं, "काय झालं, मावशी?" जाऊबाई नाक पुसत म्हणाल्या, "केस जिंकलोय बाबा. अजून दोन भाकरी आण."