‘माझी’ म्हणायला तेमरूकला लागलेला वेळ

लेब्रिझ मावशीने तुर्की सुलतानाच्या कॉफीच्या वेळी कित्येक वर्षं चाकरी केली आणि त्याचं तोंड एकदाही पाहिलं नाही. तिला त्याचे बूट ठाऊक होते. काळे, टाचेला किंचित झिजलेले. मान वर करायची नाही हा नियमच होता, मग दिसणार काय, बूटच.

तिचं काम म्हणजे तबकावरचा जरीचा रुमाल दोन्ही हातांवर धरून उभं राहायचं. कॉफी ओतणारी वेगळी, पेला पुढे करणारी वेगळी. एका माणसाने दोन घोट कॉफी प्यावी म्हणून पाच धडधाकट पोरी भिंतीला टेकवून ठेवलेल्या. याला लोक वैभव म्हणतात. मी इतिहास शिकले, परीक्षा दिल्या, पण या वैभवाचं कौतुक मला कधी जमलं नाही.

माझी आई नेवरेस त्या पाचांतलीच. ती पेला पुढे करायची. म्हणून लेब्रिझ माझी मावशी. पुढे दरवर्षी ती दुझ्जेच्या बाजूच्या तिच्या सर्केशियन, म्हणजे कॉकेशसच्या डोंगरांतून आलेल्या लोकांच्या, खेड्यातून आमच्याकडे इस्तंबूलला चीज घेऊन यायची, आणि दोघी जुन्या गोष्टी काढून बसायच्या. त्यांत तो एक दिवस हटकून यायचा.

१९०९ साली सुलतानाला गादीवरून उतरवलं. वाड्यातले दिवे गेले, स्वयंपाकी पळाले, आणि सगळ्या बायकांना गाड्यांत कोंबून जुन्या राजवाड्यात नेलं. नव्या सरकारपुढे प्रश्न पडला, एवढ्या बायकांचं करायचं काय? त्यांनी सर्केशियन खेड्यांत तारा केल्या: ज्यांच्या मुली वाड्यात आहेत त्यांनी येऊन ओळखून न्याव्यात. ज्यांना कुणी नेणार नाही, त्या अनाथगृहात जातील, नाहीतर जो मागेल त्याला लग्न लावून दिल्या जातील.

लेब्रिझला घरी जायचं होतं. दुसरं काही नाही, फक्त घरी.

दिवाणखान्यात बायकांना ओळीने उभं केलं. तोंडावर पडदा नाही. परक्या पुरुषांपुढे उघड्या तोंडाने उभं राहायची आयुष्यातली पहिली वेळ. डोंगरातली माणसं आत आली, अंगावर मेंढ्यांचा वास, कमरेला सुरे. त्यांनी असले रेशमी कपडे आणि असली माणसं कधी पाहिली नव्हती, तेही थिजले.

"मला न्यायला आलेला तो बोकडदाढीवाला तर नाही ना?" आई पुटपुटली.

"गप. उस्ता बघतायत," लेब्रिझ म्हणाली. उस्ता म्हणजे त्यांच्यावरची मुख्य बाई. राज्य बुडालं तरी तिची करडी नजर शाबूत होती.

तेवढ्यात लेब्रिझने डोळ्यांच्या कोपऱ्यातून बाप ओळखला. तेमरूक. केस पांढरे झाले होते, चाल तीच. गावातल्या चार वडीलधाऱ्यांच्या मागून तो ओळीसमोरून सरकत आला, तिच्यापुढे थांबला. तिच्या हातांकडे बराच वेळ पाहिलं. मग पुढे गेला. ओळ संपली. अधिकाऱ्याने विचारलं, "सापडली?" त्याने मान हलवली, नाही. आणि बाहेर पडला.

मी शाळेत असताना तिच्यावर चिडले होते. "अगं मावशी, हाक मारायला काय झालं होतं?"

"विचारल्याशिवाय बोलायचं नसतं."

"कुणासमोर? राजा गेला होता ना?"

"राजा गेला गं. माझी मान थोडीच गेली होती? ती खालीच."

त्या दिवशी ती ओळीत तशीच उभी राहिली. स्वतःच्या बापाने ओळखलं नाही. तेवढ्यात डोंगरातल्या माणसांबरोबरचा सर्केशियन दुभाष्या परत आला आणि उस्ताला म्हणाला, "तो म्हातारा विचारतोय, त्या उंच पोरीला इथे खायला घालत नव्हते का? मनगटं काडीसारखी झालीत म्हणे."

"मग ओळखलंय की," उस्ता म्हणाली. "नेत का नाही?"

"आमच्यात बाप चारचौघांत, त्यातून वडीलधाऱ्यांसमोर, हे माझं लेकरू असं म्हणत नाही. फार लाजिरवाणं. हे काम काकाचं. काका बरोबर निघाला होता, पण तापाने धर्मशाळेत पडलाय. बापाला वाटलं, पोरगीच बोलेल."

दोघंही आपापल्या जागी सभ्य. त्या सभ्यतेपायी एक जन्म अनाथगृहात गेला असता. मी हे दोन्हीकडच्या लोकांना तोंडावर सांगितलंय. कुणाला पटत नाही.

लेब्रिझ धावली.

राजवाड्यात बाई धावत नाही. शंभरभर बायका आ वासून बघत राहिल्या. कुणीतरी किंचाळलं. उस्ता मागून म्हणाली, "हळू. पावलांचा आवाज येतोय." सवय, दुसरं काय. लेब्रिझने जिने उतरून अंगण गाठलं आणि ओरडली, "बाबा!" स्वतःचा आवाज ऐकून तीच दचकली, एवढ्या वर्षांत तो इतका मोठा निघालाच नव्हता.

तेमरूक थांबला. वळला मात्र नाही. त्याच्या बरोबरचे म्हातारे जमिनीकडे बघू लागले.

अधिकारी कागद घेऊन मागोमाग आला. "ही कोण तुमची?"

दुभाष्याने विचारलं. तेमरूक म्हणाला, "आमच्या घरची आहे."

"घरची तर मोलकरीणही असते. मुलगी आहे की नाही? माझी आहे म्हणा, नाहीतर मी सोडणार नाही. परवाच एकजण दुसऱ्याचीच उचलून नेत होता."

तेमरूकच्या मानेवर घाम फुटला. लेब्रिझला समोर फक्त त्याची पाठ दिसत होती. अधिकाऱ्याने कागदाची घडी घालायला घेतली.

तेव्हा त्या म्हाताऱ्यांतला सर्वांत वयोवृद्ध काठी टेकत निघाला. अंगणाच्या भिंतीजवळ गेला आणि भिंतीकडे तोंड करून उभा राहिला. मग दुसरा गेला. तिसरा, चौथा. चारही पाठी ओळीने. जणू अंगणात कुणी नव्हतंच.

"माझी आहे," तेमरूक म्हणाला.

वरच्या खिडकीतून आई हे बघत होती. तिच्यासाठी कुणी आलं नाही. तिने पुढे टपाल खात्यातल्या कारकुनाशी लग्न केलं, ते माझे वडील. ती सांगायची, लेब्रिझ तिथेच मटकन खाली बसली आणि तिने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. वाड्यातल्या दोन बायकांनी उचलून तिला गाडीत घालावं लागलं. तेमरूक पुढच्या गाडीत बसला, वडीलधाऱ्यांबरोबर. पलीकडच्या किनाऱ्याच्या बोटीत चढेपर्यंत त्याने मागे पाहिलं नाही, आणि पुढे मरेपर्यंत तिच्याबद्दल ‘माझी’ हा शब्द पुन्हा उच्चारला नाही. गावात तो तिला "ती उंच पोरगी" म्हणायचा.