एका हाताचा संसार

गोजराबाईचा हात गेला तेव्हा रिठदच्या शिवारात सोयाबीनची काढणी जोरात चालली होती. तिचा नवरा दौलतराव यांच्या वावरात हडंबा, म्हणजे मळणीयंत्र, सकाळपासून धडधडत होता आणि गोजराबाई सुडीवरच्या, रचलेल्या ढिगावरच्या, पेंढ्या उचलून आत सारत होती. अंगाला शेंगांची खाजरी कूस लागू नये म्हणून तिनं पातळावरून नवऱ्याचा जुना शर्ट चढवला होता. त्याची उसवलेली बाही पेंढीबरोबर आत ओढली गेली. दौलतराव ट्रॅक्टर बंद करायला धावले, पण यंत्र थांबेपर्यंत व्हायचं ते होऊन गेलं. आधी वाशीम, मग अकोला. दवाखान्यातून ती घरी आली तेव्हा उजव्या कोपराखाली काही उरलं नव्हतं.

दौलतराव मोठे धीराचे गृहस्थ. पण त्या दिवसांत घरात पाऊल टाकण्याआधी ते अंगणातच घुटमळायचे. आतल्या खोलीत बाजेवर गोजराबाई भिंतीकडे तोंड करून पडलेली असायची. रडायची नाही, बोलायची नाही. लेक निकिता सासरहून आली, राहिली, पण तिचंही घरदार होतं. डोळे पुसत पुसत तिला परतावं लागलं. मग शेजारच्या प्रयागबाईनं डबा पाठवायला सुरुवात केली. जन्मभर गल्लीत कुणाच्याही घरी वाटी पोचवणारी गोजराबाई. दुसऱ्याच्या घरचा डबा उघडला की ती दोन घास खाऊन ताट बाजूला सारायची. दौलतरावांना ते दिसत होतं. म्हणून एका सकाळी त्यांनी स्वतःच भाकरी करायचं मनावर घेतलं.

त्यांनी परातीत ज्वारीचं पीठ घेतलं, पाणी ओतलं आणि मळायला लागले. परात फरशीवरून सरकायला लागली. ते डावीकडून दाबत, तर परात उजवीकडे पळे. शेवटी ती चुलीच्या ओट्यावर आदळली आणि असा आवाज झाला की आतून बाजेची करकर ऐकू आली.

गोजराबाई उठून दारात येऊन उभी राहिली होती. कितीतरी दिवसांनी ती आपण होऊन उठली होती. पिठानं माखलेल्या नवऱ्याकडे तिनं पाहिलं, परातीकडे पाहिलं. मग कोपऱ्यातलं फडकं घागरीच्या पाण्यात बुचकळलं, मुठीत दाबून पिळलं, फरशीवर पसरलं आणि परातीकडे हनुवटीनं खूण केली.

"ठेवा त्याच्यावर."

दौलतरावांनी परात ओल्या फडक्यावर ठेवली.

"आता मळा."

परात जागची हलेना. जणू कुणी दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवली होती. दौलतराव पाहतच राहिले. पण त्यांच्याहून जास्त गोजराबाई पाहत होती. ती खाली बसली, नवऱ्याला बाजूला सारलं आणि उरलेला डावा हात पिठात घातला. कच्चं, ओबडधोबड, पण पीठ मळलं जाऊ लागलं. ती मळत राहिली आणि मळता मळता पहिल्यांदा तिच्या डोळ्यांतून पाणी आलं.

"एक हात त्या फडक्यानं देला मले," ती म्हणाली.

त्या दिवसापासून घरात एक नवलच सुरू झालं. गोजराबाई वस्तूंकडे टक लावून बसायला लागली. विळीसमोर बसे, पितळी डब्यासमोर बसे, दाराच्या कडीसमोर उभी राही. दौलतरावांना आधी काळजी वाटली; डोक्यावर परिणाम तर झाला नाही? ते विचारत, "काय पाहून राह्यली व?"

"याले कोन धरते, ते पाहून राह्यली," ती सांगे. "आपन म्हनतो दोन हातानं काम करतो. तसं नाई. एक हात धरते अन् दुसरा काम करते. मले कामाचा हात हाये. धरनारा पाह्यजे फक्त."

तिला विळीचा उलगडा आधी झाला. विळीला तर पायच धरतो! लहानपणापासून वापरलेली वस्तू, पण ही गोष्ट तिच्याही ध्यानात आली नव्हती. वांगी, भेंडी, गवार, सारं ती पात्याला लावून डाव्या हातानं चिरू लागली. अडलं ते कांदा सोलायला. तो गरगर फिरायचा. मग तिनं शालिग्राम सुताराकडून एका जाड फळीतून दोन खिळे खालून वर ठोकून घेतले. कांदा खिळ्यांवर बसवला की हलायची बात नाही. बटाटाही तिथंच बसे. फळीच्या खाली पुन्हा तेच ओलं फडकं.

भाकरीनं मात्र तिचा अंत पाहिला. एका हातानं थापून झाली तरी उचलून तव्यावर टाकताना दुमडायची, फाटायची. कितीतरी भाकरी गाईच्या पुढ्यात गेल्या. एके दिवशी दौलतराव वावरातून जेवायला आले, तर ही पालथ्या ताटावर भाकर थापत होती. ताटाच्या पाठीवर पीठ भुरभुरलेलं, त्यावर गोल भाकर. थापून झाली तशी तिनं ताटच उचललं, तव्यावर तिरपं धरलं, आणि भाकर अलगद घसरून तव्यावर बसली. वाफेत तिचा चेहरा उजळला होता. दौलतराव दारातच उभे राहिले. पायातली चप्पल काढायचं भान त्यांना राहिलं नाही. इतक्या वर्षांत तिच्या हातच्या भाकरी त्यांनी मुकाट्यानं खाल्ल्या होत्या. त्या दिवशी त्यांना पहिला घास मोडवेना.

हळूहळू घरच तिच्या हातासारखं होत गेलं. सुईत दोरा ओवायचा तर सुई साबणाच्या वडीत उभी खोचायची. धुणं पिळायचं तर पातळ नळाच्या तोटीला अडकवायचं आणि पीळ देत जायचं. निऱ्या घालताना घडी सुटू नये म्हणून कपडे वाळत घालायचे चिमटे लावायचे आणि खोचून झाल्यावर काढायचे. बरणी गुडघ्यांत धरायची. उंच फळीवरचं सारं खाली आलं. तिखट, मीठ, हळदीच्या डब्या तिनं भाजीत पडतात त्या क्रमानं लावल्या, म्हणजे हात आपोआप एकीवरून दुसरीवर जाई. आणि उठण्याआधी ती क्षणभर थांबायची. काय न्यायचं, येताना काय आणायचं, हे मनात जुळवूनच उठायची. दौलतरावांना मग स्वतःचीच गंमत वाटू लागली. दोन धड हात असून आपण तंबाखूसाठी एकदा, चुन्यासाठी एकदा आणि चष्म्यासाठी पुन्हा एकदा उठतो!

एकच काम तिनं नवऱ्याकडे ठेवलं होतं, वेणी घालायचं. पहिल्यांदा सांगताना ती लाजली होती. दौलतराव म्हणाले, "अव, बैलाचे दोर वळता वळता जिंदगी गेली माही. येनी कोन्ती मोठी गोष्ट हाये?" त्यांनी ती इतकी घट्ट घातली की बिचारीच्या भुवया वर ओढल्या गेल्या. पण पुढं त्यांचा हात बसला. सकाळचं ऊन अंगणात उतरलं की ती उंबऱ्यावर बसे आणि ते मागं.

असं सारं रुळलं असताना मेडशीहून निरोप आला. दौलतरावांची भाची मंजू, तिचा डावा हात कडबा कापायच्या यंत्रात मनगटापासून गेला होता. दवाखान्यातून घरी येऊन बरेच दिवस झाले होते. जखम भरली होती, पण पोरगी खात-पीत नव्हती. तिच्या नवऱ्यानं, राजपालनं, फोनवर हुंदका दिला. "मामा, मंजू लेकराले बी हात लावत नाई. पाळन्यात रडते लेकरू, अन् हे कानावर हात ठेवते."

गोजराबाईनं फोनवरचं सारं ऐकलं होतं. तिनं पिशवीत खिळ्यांची फळी घातली, चिमटे घातले. "चाला," ती म्हणाली. दोघं वाशीमला आली, तिथून अकोल्याकडे जाणारी एसटी धरली आणि दुपारी मेडशीच्या फाट्यावर उतरली.

मंजू न्हाणीच्या भिंतीला टेकून बसली होती. केस विस्कटलेले, नजर खाली. मामीच्या बाहीतून डोकावणारं थोटूक पाहिलं आणि ती मोठ्यानं रडली. गोजराबाईनं तिला रडू दिलं. मग पिशवीतली फळी काढली. "हे पाह्य, कांदा असा बसवाचा..."

"मले कांदा नोका दाखवू, मामी!" मंजू किंचाळली. "राजपाल सयपाक करते, सासू बी करते. मले माह्या पोराले उचलता येत नाई! एका हातानं उचलाले गेली तं सटकलं ते. पडलं असतं ते. सांगा, पोराले कसं उचलू?"

गोजराबाईनं फळी खाली ठेवली. दौलतरावांनी बायकोकडे पाहिलं. तिची निकिता तर कधीच कडेवरून उतरून सासरी गेली होती. एका हातानं बाळ उचलायची पाळी तिच्यावर आलीच नव्हती.

"मले नाई मालूम," गोजराबाई म्हणाली. "कधी कराच नाई लागलं. थांब. पाहू दे मले."

आणि ती बसली. पाळण्यासमोर मांडी घालून, तशीच टक लावून. आत सात-आठ महिन्यांचं गुटगुटीत बाळ हातपाय झाडत होतं. राजपाल चहा घेऊन आला, चहा निवला. कुणी काही बोललं तर दौलतराव हातानं गप्प करायचे. ही काय पाहते आहे हे त्या घरात फक्त त्यांनाच ठाऊक होतं. ती बाळाला पाहत नव्हती. ती धरणारा हात शोधत होती.

बऱ्याच वेळानं ती उठली आणि नवऱ्याच्या खांद्यावरचा लांब दुपट्टा ओढून घेतला. राजपालकडून तुरीच्या डाळीचं एक गाठोडं मागितलं, साधारण बाळाच्या वजनाचं. दुपट्टा बाजेवर पसरला, गाठोडं मधोमध ठेवलं, दोन्ही टोकं दातात आणि बोटांत धरून गाठ मारली, वाकून गाठीतून मान घातली आणि उभी राहिली. गाठ सुटली. गाठोडं बाजेवर आदळलं आणि डाळ घरभर झाली. मंजूनं तोंड फिरवलं.

"बरं झालं डाळ होती," गोजराबाई शांतपणे म्हणाली. "दातानं मारलेली गाठ कच्ची राह्यते. गाठ आधी मारली पाह्यजे, दोन हाताच्या मानसानं, सकायीच. दिवसभर सोडाचीच नाई. लेकरू मंग आत घालाचं."

दौलतरावांनी बैलाच्या दाव्याला मारतात तशी, जितकी ओढावी तितकी आवळत जाणारी गाठ मारली. झोळी तयार झाली. राजपालनं डाळीचं दुसरं गाठोडं बांधून आणलं. गोजराबाईनं ती आधी खांद्यावरून तिरपी गळ्यात घातली, बाजेशी गुडघे टेकले, छाती गाठोड्यावर वाकवली, हातानं झोळीचं कापड त्याच्या खालून सरकवून पलीकडे ओढून घेतलं आणि सावकाश सरळ झाली. गाठोडं पोटाशी येऊन बसलं. तिनं हात सोडला. गाठोडं तसंच राहिलं. ती चालली, वाकली, बसली, उठली. पुन्हा पुन्हा तेच केलं, कपाळावर घाम येईपर्यंत. मग झोळी काढून मंजूच्या गळ्यात घातली.

"आता तू. खाली बाज हाये, बाजूले मी हावो, पलीकडं तुहा मामा हाये. पडू नाई देत आमी."

बाळाला बाजेवर ठेवलं. मंजूनं झोळी नीट केली. तिनं गुडघे टेकले. दौलतरावांनी दोन्ही तळवे बाळाच्या दोन्ही बाजूंना, अंगाला न लावता धरले. मंजू वाकली. बाळानं आईचा चेहरा इतक्या जवळ कितीतरी दिवसांनी पाहिला होता. त्यानं तिचं नाकच धरलं. ती रडत होती की हसत होती, कुणाला कळेना, पण तिचा हात कापड सरकवत राहिला. कापड पलीकडे आलं. ती सरळ झाली.

बाळ तिच्या छातीशी होतं.

मंजू उभी राहिली आणि एक पाऊल टाकलं, मग दुसरं. मग ती बाळाला घेऊन अंगणात गेली, तुळशीपाशी, गोठ्यापाशी, पुन्हा दारापाशी, आणि थांबेचना. राजपाल पुन्हा पुन्हा तिच्या वाटेतून बाजूला होत राहिला.

दौलतरावांचे रिकामे तळवे अजून तसेच पुढं धरलेले होते. त्यांनी बायकोकडे पाहिलं. ती खाली वाकून सांडलेली डाळ गोळा करत होती, जणू काही झालंच नाही. तेही खाली बसले आणि डाळ वेचू लागले.

दोघं मेडशीला काही दिवस राहून परतली. पुढं एकदा दुपारी मंजूचा व्हिडिओ कॉल आला. बाळाला न्हाऊ घालायची तिनं तऱ्हा काढली होती. प्लास्टिकच्या टोपलीखाली जाड ओला टॉवेल अंथरला होता आणि टोपलीत बाळाला टेकवून बसवलं होतं. टोपली धरायला टॉवेल, बाळाला धरायला टोपली, आणि तिचा हात साबण लावायला मोकळा. बाळ पाणी उडवत होतं. मंजू हसत होती.

गोजराबाई मोबाइल डोळ्यांजवळ नेऊन पाहत राहिली. मग परसात खत पसरत असलेल्या नवऱ्याला तिनं जोरात हाक मारली.

"आवो, लवकर या अथी! पाहा तं खरं, या पोरीनं काय केलं! मले नसतं सुचलं, बाप्पा!"