काकूंचा फोटो गेटवर, पोरं गेटबाहेर

तो फ्लेक्स काढा आधी.

शेजारच्या शोभाकाकू गेल्या. आज तेरवी झाली. आणि चिखलीतल्या आमच्या कॉलनीच्या गार्डनला, गेटवर त्यांचा हा मोठा फोटो. खाली लिहिलंय, "आमच्या आधारस्तंभ".

कोणाच्या हो आधारस्तंभ? तुमच्या?

ज्या म्हाताऱ्यांच्या वॉकिंग ग्रुपने बाईचं डोकं खाल्लं, त्यांचाच फ्लेक्स. खाली स्वतःचे हात जोडलेले फोटो, वर नावं.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते.

गार्डन म्हणजे लेआउट पाडताना सोडलेली ओपन स्पेस. थोडे कडुनिंब, एक गुलमोहर, गवत, बाकं. आमच्या भागात हिरवं म्हणाल तर तेवढंच. उंद्रीसारख्या खेड्यातून एसटीने येणारी, कॉलनीतलीही पोरंपोरी दोन ट्यूशनच्या मधे तिथे टेकायची.

टेकली की ग्रुपवाले काका हजर. "काऊन बसले बे इथं? घर नाही का तुमाले?"

घर आहे हो. घरातच तर जीव गुदमरतो ना त्यांचा!

काकूंनी काय केलं, घरची भाजी गार्डनमध्ये आणून निवडायला लागल्या. कधी मेथी, कधी तुरीच्या शेंगा. दिसेल त्या पोराच्या पुढ्यात मूठभर शेंगा टाकायच्या.

कोणी हाकलायला आलं की म्हणायच्या, "माह्या कामाले बोलावलं मी त्यायले. तुमी सोलून देता का?"

काका काढता पाय घ्यायचे. शेंगा सोलायला कोण बसतंय!

माझी सानिका तेव्हा अकरावीत. मेडिकलसाठी नीटचा क्लास लावला आणि पोरगी बोलेनाशीच झाली. जेवण नाही, झोप नाही.

"वयच असतं तसं." "मोबाईल काढून घ्या." सल्ले देणारे रग्गड.

काकू एवढंच म्हणाल्या, "पाठव वं तिले माह्याकडं. शेंगा लय हायेत."

ती जायला लागली. आधी नुसती सोलायची. एक दिवस खाली मान घालूनच म्हणाली, "काकू, मले जगावंसंच वाटत नाही."

काकूंनी भाषण दिलं नाही. टोपली तिथेच ठेवली, तिचा हात धरला आणि सरळ माझ्या दारात.

"हे पाह्य वं, पोरगी आजारी हाय. ताप आला असता तर थांबली असती का तू? चाल, आत्ताच डॉक्टरकडं जाऊ."

त्याच संध्याकाळी आम्ही तिघी बुलढाण्याला, मानसोपचाराच्या डॉक्टरांकडे. औषध सुरू झालं, समुपदेशन सुरू झालं. डॉक्टरांनी सानिकाला विचारलं, "मोकळ्या हवेत कुठे जातेस?" ती म्हणाली, "काकूंकडे, गार्डनात." ते म्हणाले, "ते सोडू नको."

आज ती हसते, भांडते, उलट उत्तरं देते. मला तेच पाहिजे होतं.

आणि आज गार्डनमधल्या शोकसभेत ग्रुपचे अध्यक्ष काय जाहीर करतात?

काकूंच्या स्मरणार्थ गवत काढून पेव्हर ब्लॉक. मधोमध चबुतरा. आणि प्रवेश फक्त ज्येष्ठांना.

टाळ्या! शोकसभेत टाळ्या!

अहो, जिच्यामुळे पोरांना इथे बसता आलं, तिच्याच नावाने पोरांना बंदी? हसावं की रडावं, कळत नाही.

दोन मिनिटं स्तब्धता झाली. मागे ट्यूशनची पोरं उभी होती, डोळे पुसत. अध्यक्ष वळले. "झालं ना दर्शन? निघा आता."

सानिका पुढे गेली. सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली.

"काका, मले मरावंसं वाटे. घरी सांगताच आलं नाही. इथं बसली म्हणून सांगितलं. आता या पोरायतल्या कोणाले तसं वाटलं, तर त्यानं कुठं जाऊन सांगावं?"

अध्यक्ष चष्मा पुसत राहिले.

पोरं गेली नाहीत. तिथेच गवतावर बसली. मग मीही बसले. उठवून दाखवा म्हटलं.

काकू, तुम्ही निवांत जा आता. पोरांजवळ मी आहे.